घुंगरू, तालीम आणि वही : तिन्ही सांभाळू पाहणाऱ्यांसाठी

कथकच्या वर्गात नव्याने आलेल्या एका मुलीने मध्यंतरी वर्ग सुटल्यावर मला थांबवून विचारलं, "ताई, मी नाटकही करते आणि लिहितेही. यातलं काय सोडू?" तिचे डोळे भरून आले होते. संध्याकाळच्या तालमी सुरू झाल्या होत्या, परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत जवळ आली होती आणि एका एकांकिकेचा अर्धा खर्डा वहीत तसाच पडून होता. मी तिला म्हटलं, सोडू काहीच नकोस, फक्त तिघींना रोज सारखं वाढायचा हट्ट सोड.

त्या दिवशी उभ्या उभ्या जे सांगता आलं नाही ते इथे सविस्तर लिहिते आहे. मी पुण्यात नोकरी करते, सोळा वर्षं कथक शिकते आहे, आता थोडं शिकवतेही, प्रायोगिक नाटकांत कामं करते आणि एकांकिका लिहिते. पहिली पाच वर्षं मी तिन्ही कलांना रोज एकेक तास देणारं वेळापत्रक कपाटाच्या दारावर चिकटवत आले. ते कधी दहा दिवसांवर टिकलं नाही आणि दर वेळी वाटायचं, माझ्यातच शिस्त नाही. पुढे कळलं की वेळापत्रकाची मांडणीच चुकीची होती.

पहिलं काम : पंधरा दिवस नुसती नोंद

काही बदलायच्या आधी पंधरा दिवस फक्त लिहून ठेवा. किती वाजता उठलात, प्रवासात किती वेळ गेला, रियाज किती मिनिटं झाला, तालमीला किती वाजता पोचलात आणि तुमचा प्रवेश प्रत्यक्षात किती वाजता उभा राहिला. हे शेवटचं जरूर लिहा. तीन तासांच्या तालमीत आपलं काम पुष्कळदा पाऊण तासाचं असतं. माझ्या वहीत हे दिसलं तेव्हा आठवड्याचे जवळजवळ सहा तास सापडले, जे तोवर मोबाइलवर जात होते. आता पाठांतर आणि जुन्या खर्ड्यांचं वाचन मी तिथेच करते. एक पथ्य मात्र पाळा. दुसऱ्यांचा प्रवेश चालू असताना मान खाली घालून लिहीत बसू नका, तो बघणं हेही नटाचं काम आहे. लिहायचं ते दिव्यांची जुळवाजुळव चालू असताना, लेव्हल (रंगमंचावरचे चौथरे) हलवल्या जात असताना, कुणाची तरी वाट बघताना.

प्रत्येक नोंदीपुढे एक अक्षर टाका. मन ताजं असेल तर 'ता', थकलेलं असेल तर 'थ'. माझं लेखन रात्री अकरानंतर नेहमीच 'थ' निघालं. तरी मी वर्षानुवर्षं त्याच वेळी लिहीत होते, कारण घरातलं सगळं आवरल्यावर तेवढाच वेळ माझा म्हणून उरायचा. रविवारची सकाळ लेखनाला मिळावी म्हणून घरात बोलावं लागलं, एकदा नाही, तीन-चारदा बोलावं लागलं. पण नोंद हातात होती म्हणून बोलता आलं.

दुसरं : कुणाला कुठल्या जातीचा वेळ लागतो ते ओळखा

माझ्या मते सगळी गोम इथे आहे, म्हणून सावकाश सांगते.

नृत्याला रोज लागतं. आठवड्याचा रियाज रविवारी एकदम चार तास करून भागत नाही. चौगुणीत, म्हणजे चौपट लयीत, पाय स्वच्छ पडायला हवा, हे पायांना रोज सांगावं लागतं. चार दिवस खंड पडला की पाचव्या दिवशी टाचेचा आवाज पोकळ येतो, चक्कर घेताना नजर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, वेळेत पोचत नाही. शरीरात साठवून ठेवलेलं फार लवकर ओसरतं.

लेखनाला सलग वेळ लागतो. पाऊण तासाच्या एकांकिकेचा पहिला खर्डा होतानाही दोन-अडीच तासांची अखंड बैठक हवी. पहिला अर्धा तास पात्रांच्या घरात शिरण्यातच जातो, आणि शिरता शिरता कुणी हाक मारली की पुन्हा उंबऱ्यापासून सुरुवात. पण लेखन थांबून राहू शकतं. दोन महिने ड्रॉवरमध्ये पडलेला खर्डा बिघडत नाही, उलट काढून वाचल्यावर त्यातलं फोल चटकन दिसतं.

नाटकाला दुसऱ्यांचा वेळ लागतो. सात-आठ माणसांच्या सवडीतून जे उरतं ती तालमीची वेळ, बहुतेक ठिकाणी संध्याकाळी सात ते दहा. ती तुम्ही ठरवत नाही. प्रयोगाची तारीख लागली, थिएटरचे पैसे भरले, की ती हलतही नाही.

हे पटलं की आठवडा आपोआप बसू लागतो. नाच सकाळी, कारण सकाळ तेवढी आपल्या हातात असते. नाटक संध्याकाळी. लेखनाला आठवड्यातून एक किंवा दोन सलग तुकडे, आणि ते तुकडे डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटसारखे आधीच राखून ठेवलेले.

तिसरं : वर्ष मांडा, आठवडा नंतर

आपल्याकडे कलेचं वर्ष बरंचसं ठरलेलं असतं, पण नवख्या माणसाला ते कुणी एकत्र सांगत नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत-नृत्याच्या परीक्षा वर्षातून दोनदा असतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. महाविद्यालयात असाल तर पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा आहे, १९६३पासून चालत आलेली. ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रंगते, म्हणजे जून उजाडताच संहितेची शोधाशोध आणि पुढचे दोन महिने तालमी. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास. मुंबईची 'सवाई' एकांकिका स्पर्धा २५ जानेवारीच्या रात्री. आषाढात नृत्यवर्गांच्या गुरुपौर्णिमा, भाद्रपदात गणपतीचे कार्यक्रम. दिवाळी अंकांना साहित्य हवं असतं ते पावसाळ्यातच, नवरात्रात पाठवलेली कथा पुढच्या वर्षाची झाली.

हे सगळं घरातल्या कालनिर्णयवर तीन रंगांच्या पेनांनी लिहा. मोबाइलमधलं कॅलेंडर फक्त तुम्हाला दिसतं, स्वयंपाकघरातलं घरच्यांनाही दिसतं, आणि त्याचा उपयोग पुढे कळेल.

लिहिता लिहिताच एक गोष्ट डोळ्यांत भरेल. नोव्हेंबर-डिसेंबरचं परीक्षेचं सत्र आणि राज्य नाट्यची फेरी एकमेकांवर येतात. मी एका वर्षी दोन्ही अंगावर घेतलं. विशारदची परीक्षा म्हणजे नुसतं नाचून दाखवणं नसतं, लेखी पेपर असतात, ताल लिपीत मांडावे लागतात, तुकडे (बोलांच्या छोट्या रचना) पढंत करून, म्हणजे ताल धरून तोंडाने म्हणून, दाखवावे लागतात. सकाळी पेपर, संध्याकाळी तालीम, असं बारा दिवस चाललं. परीक्षा निभावली. प्रयोगात मात्र दुसऱ्या अंकात एक आख्खं वाक्य गेलं आणि समोरच्या नटाला माझं बोलणं स्वतःच्या वाक्यात गुंफून प्रवेश पुढे न्यावा लागला. त्याने नंतर एका शब्दानेही बोलून दाखवलं नाही. मला ते आजही लागून राहिलं आहे.

तेव्हा परीक्षेचं वर्ष असेल तर शक्यतो एप्रिल-मेचं सत्र घ्या आणि त्या वर्षी दिवाळी अंकासाठी नवीन काही लिहायचं कबूल करू नका. साधारण तीन-चार महिन्यांचे भाग पाडा, प्रत्येक भागात एकच कला पुढच्या रांगेत. जून ते सप्टेंबर नाटक असेल तर असू दे, त्या काळात नाच आणि लेखन मागे बसतील.

स्वतःची एकांकिका जाहीरपणे करायची असेल तर आणखी एक तारीख याच कालनिर्णयवर हवी. आपल्या राज्यात जाहीर प्रयोगाआधी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. संहिता पाठवणं, ती वाचली जाणं, प्रमाणपत्र हातात येणं यात दिवस जातात. म्हणजे लेखन संपवायची तारीख तुम्ही मनात धरली असेल त्याच्या बरीच अलीकडे येते. दुसऱ्याची संहिता करत असाल तर लेखकाची लेखी परवानगी तालमी सुरू होण्याआधीच घ्या.

चौथं : मागे बसलेली कला तेवत ठेवा

मागे बसवणं म्हणजे बंद करणं नव्हे. प्रत्येक कलेचा एक कमीत कमी रतीब ठरवून टाका, इतका लहान की वाईटातल्या वाईट दिवशीही चुकवायला कारण उरू नये.

नाच मागे असेल तेव्हा सकाळी पंचवीस मिनिटं. पाच मिनिटं घोटे, पोटऱ्या, गुडघे मोकळे करायचे. दहा मिनिटं लेहऱ्यावर (तालाचं आवर्तन धरून ठेवणाऱ्या सुरावटीवर) तत्कार, म्हणजे पायांनी वाजवायचे बोल, बरोबरीची लय, दुगुण, चौगुण आणि तसंच परत खाली. उरलेला वेळ हस्तक, म्हणजे हातांच्या हालचाली. घुंगरू रोज बांधायलाच हवेत असं नाही, फ्लॅटमध्ये सकाळी सहाला खालच्या मजल्याचाही विचार करावा लागतो. पाय हलवणंच अशक्य असेल त्या दिवशी नुसती पढंत करा. हाताने त्रितालाच्या सोळा मात्रा धरायच्या, नवव्या मात्रेला 'खाली' (टाळीऐवजी रिकामा हात) न विसरता दाखवायची, आणि एखादा तुकडा, एखादी तिहाई (तीनदा म्हणून समेवर यायची बोलांची ओळ) म्हणायची. मेट्रोत बसून मनातल्या मनातही हे होतं. पाय नाचले नाहीत तरी लय अंगात राहते, हा माझा अनुभव आहे.

लेखन मागे असेल तेव्हा रोज पाच ओळी, हाताने लिहिलेल्या. कथेच्या किंवा नाटकाच्या नकोत, दिवसभरात कानावर पडलेल्या बोलण्याच्या. मंडईत कोथिंबीर घेताना ऐकलेलं "पावसानं मारली बघा ताई, ईस रुपयाच्या खाली न्हाई परवडत" हे वाक्य मी जसंच्या तसं उतरवलं होतं, आणि दोन वर्षांनी माझ्या एका पात्राला त्या वाक्यातूनच तिची बोली मिळाली.

नाटक मागे असेल तेव्हा आठवड्यातून एकदा एखाद्या संहितेची चार पानं मोठ्याने वाचा आणि महिन्यातून एक प्रयोग बघा. पुण्यात सुदर्शन रंगमंच, मुंबईत पृथ्वी, अशा छोट्या जागी बघाल तर उत्तम. तिथे नट श्वास कुठे घेतो ते दिसतं.

तिन्हींसाठी वही एकच ठेवा. याबाबत माझं मत पक्कं आहे. वर्गातले बोल, दिग्दर्शकाने सांगितलेल्या हालचाली आणि मंडईतलं वाक्य एकाच पानावर आलं की त्यांची आपसात ओळख होते. तीन वह्या केल्या की त्यातल्या दोन घरी राहतात.

पाचवं : पाय, घसा, झोप

नव्याने आलेली मुलं इथे सगळ्यात जास्त हेळसांड करतात, मीही केली. तालमीचे हॉल बहुतेक कोब्याचे किंवा फरशीचे. त्यावर जोरात तत्कार केला की आघात सगळा नडगीवर आणि गुडघ्यावर येतो, कारण जमीन काहीच झेलत नाही. लाकडी जमीन मिळाली तर भाग्य. नाही तर सुताराकडून जाड प्लायवुडचा एक तक्ता कापून घ्या, घरच्या रियाजाला तेवढा पुरतो. घुंगरूंची संख्या वाढवायची घाई करू नका. सुरुवातीला पायाला पन्नास पुष्कळ झाले, शंभरावर गुरूंच्या सांगण्यावरूनच जायचं.

माझी उजवी नडगी एकदा सहा आठवडे बंद पडली. आधी तीन आठवडे ती ठणकत होती, आणि स्पर्धा जवळ आली म्हणून मी पट्टी बांधून नाचत राहिले. तेव्हा हे शिकले. दोन्ही पाय सारखे अवघडलेत, चालल्यावर मोकळे होतात, दोन दिवसांत बरं वाटतं, तर तो थकवा. बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखतंय, रात्री झोपेतही ठणकतंय, तर तत्कार त्याच दिवशी थांबवायचा आणि फिजिओथेरपिस्टकडे जायचं. तीन आठवड्यांचं दुखणं अंगावर काढलं नसतं तर एवढे सहा आठवडे गेले नसते.

नाच आणि तालीम एकाच दिवशी असतील तर घशाचाही हिशेब ठेवा. सकाळची पढंत हलक्या आवाजात, ऑफिसातलं बोलणं मोजकं, कोमट पाणी जवळ. तालमीला उपाशी जाऊ नका आणि भरल्या पोटीही नको. साडेसहाच्या सुमाराला डब्यातले दडपे पोहे, भिजवलेले हरभरे, एखादा शेंगदाण्याचा लाडू, एवढं पोटात असलं की दहापर्यंत डोकं शांत राहतं. आणि रात्री साडेदहाला घरी येऊन सकाळी पाचला रियाजाला उठू नका. तालमीच्या आठवड्यात रियाज सातला ढकला, वीस मिनिटांवर आणा, पण सहा-सात तास झोपा. कमी झोपेत पाठांतर धरत नाही.

सहावं : एकीचं काम दुसरीच्या उपयोगी पडू द्या

पढंत म्हणजे वाचिक अभिनयाची तालीमच आहे. एका श्वासात किती बोल बसतात, जोर कुठल्या अक्षरावर येतो, समेआधी किती थांबायचं, हे ज्याच्या जिभेला कळलं त्याला लांब स्वगताची भीती वाटत नाही. गतभावात शब्दांशिवाय प्रसंग उभा करायची सवय असेल तर रंगमंचावर आपल्याला वाक्य नसतानाही काय करायचं हा प्रश्न पडत नाही.

यातून लिहायला कसं लागायचं? तुम्हाला येणारी पाणवठ्याची गत घ्या. घूंघट, मटकी, वाट अडवणारा. नाचून झाली की लगेच बसा आणि दोन पानं लिहा. ती घरी पोचली आहे, मटकी फुटली आहे, सासू दारात उभी आहे. आता ती काय सांगेल? खरं सांगेल का? हा सराव मी वर्गातल्या मुलींना देते आणि दर वेळी निदान एक तरी पान असं येतं की अंगावर काटा यावा.

उलटही करा. स्वतः चार ओळी लिहा आणि त्यांवर अभिनय करून बघा. कुठला शब्द जड आहे ते हात उचलतानाच कळतं. मराठीत नृत्यासाठी लिहिणं नवं नाही. तंजावरच्या मराठी राजांनी नृत्यासाठी मराठीत रचना केल्या होत्या, आणि नृत्यांगना सुचेता भिडे-चापेकर यांनी त्या भरतनाट्यमच्या मंचावर पुन्हा आणल्या.

नाटक लिहिताना आपण नाचतो हे विसरू नका. १९७२ साली पुण्यात 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आलं, त्यात माणसांची रांगच पडदा होते, तीच गाते, तीच नाचते. नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची होती. नाटकातून ती हालचाल काढून टाकली तर नाटक उभंच राहणार नाही. म्हणून आपल्या संहितेत 'सर्व नाचतात' एवढंच लिहून सोडू नका. किती जण, कुठल्या विंगेतून, कुठल्या लयीत येतात, आणि नाच थांबतो तेव्हा कोण कुणाकडे पाठ करून उभं असतं, हे लिहा.

कथक नृत्यांगना रोहिणी भाटे यांच्याकडे बघून मला नेहमी धीर येतो. १९४७मध्ये त्यांनी पुण्यात नृत्यभारती ही नृत्यसंस्था सुरू केली. त्या नाचल्या, शिष्या घडवल्या, नृत्यासाठी रचना केल्या, अमेरिकन नर्तकी इसाडोरा डंकनचं आत्मचरित्र मराठीत आणलं, स्वतःच्या नृत्यसाधनेवर पुस्तक लिहिलं. हे सगळं करायला आख्खं आयुष्य होतं, आणि आपण ते एका वर्षात मागतो.

सातवं : तारखा आधी सांगा

गुरू आणि दिग्दर्शक रागावतात ते गैरहजेरीपेक्षा आयत्या वेळच्या निरोपावर. महिनाभर आधी, तारखांसकट सांगा. "ताई, १२ ते २२ तारखेपर्यंत माझ्या संध्याकाळी तालमी आहेत. त्या दिवसांत सकाळच्या बॅचला आले तर चालेल का? २३पासून पुन्हा संध्याकाळी येईन." परत कधी येणार ते सांगितलं की समोरच्या माणसाला ठरवता येतं. दिग्दर्शकालाही पहिल्या वाचनाच्या दिवशीच सांगा, "दादा, गुरुवारी सकाळी माझा वर्ग असतो, तो मी चुकवत नाही. बाकी सगळे दिवस तुमचे." सुरुवातीला असं बोलायला मला फार जड जायचं. आजवर कुणीही नाही म्हणालेलं नाही.

घरी कालनिर्णय कामाला येतो तो इथे. "आई, या आठवड्यात मला रोज साडेदहा होतील. कुकर मी लावून जाईन, पोळ्या सांगितल्यात, भाजीचं हे बघतील." ही वाटणी आधी झाली तर तालमीत मन घरी राहत नाही.

पैशांचंही सुरुवातीलाच बोला. हौशी नाटकात मिळणार काही नाही हे धरूनच चला, पण "तू नाचतेस ना, मग एक नाच बसवून दे" असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. किती मिनिटांचा, किती तालमी, मानधन किती, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय हो म्हणू नका. मैत्रीखातर फुकट करायचं असेल तर तसं मनाशी ठरवून, आनंदाने करा.

आठवं : प्रयोगाच्या आधी आणि नंतर

प्रयोगाच्या आधीचे दहा दिवस नवीन काही लिहू नका. कानात दुसऱ्याची वाक्यं असतात, ती तुमच्या खर्ड्यात उतरतात आणि नंतर ओळखूही येत नाहीत. रोजच्या पाच ओळी पुरे. नाच वीस मिनिटांवर आणा, नवा तुकडा घेऊ नका, रंगीत तालमीच्या दिवशी नुसतं अंग मोकळं करा.

प्रयोगानंतर दोन-तीन दिवस अंगात एक रितेपण येतं. काल सगळे मिळून सामान टेम्पोत भरत होतो, आज संध्याकाळचे सात वाजले तरी कुठे जायचं नाही. पहिल्यांदा ते फार लागतं. लगेच दुसऱ्या नाटकाला हो म्हणून ते भरू नका. त्या दिवसांत वही सुरुवातीपासून वाचा. विंगेत बसून केलेल्या नोंदी, ऐकलेली वाक्यं, सुटलेले बोल. माझ्या दोन एकांकिका अशाच, प्रयोगानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झाल्या.

एवढं करूनही खंड पडतो. आजारपण, ऑफिसचं मार्चअखेर, घरातलं लग्न. महिनाभराने परत याल तेव्हा जिथे सोडलं तिथून सुरुवात करू नका. पहिले तीन दिवस घुंगरू न बांधता विलंबित लयीत दहा मिनिटं तत्कार, चक्कर नाही. चौथ्या दिवसापासून दुगुण. खर्डा उघडलात तर पहिल्या दिवशी फक्त वाचा, पेन्सिलही हातात नको. नाटकवाल्यांना कळवा की तुम्ही आहात, आणि एखाद्या वाचनाला नुसतं ऐकायला जाऊन बसा. आठवडाभराने, नडगीवर बोट दाबून कुठे दुखत नाही ना ते बघा आणि मग घुंगरू बांधा.